जुन्या यांत्रिक बाहुल्या देखण्या वाटतात आणि आजचे माणसासारखे रोबोट भीतिदायक, असं का? कॉलेजच्या स्वागत-रोबोटला सिलिकॉनचा चेहरा लावावा का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: लावू नका.

आता पहिला प्रश्न. ‘चेहरा जमला की रोबोट जमला’ असं म्हणणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझ्या मते कृत्रिम माणूस देखणा ठरतो तो त्याच्या हालचालीच्या वेगावर कारागिराचा ताबा असेल तरच. चेहऱ्याचा नंबर त्यानंतर लागतो.

जपानमधली चहा आणून देणारी ‘काराकुरी’ बाहुली घ्या. होसोकावा हान्झो याने १७९६ साली छापलेल्या ‘काराकुरी झुई’ या ग्रंथात तिची आकृत्यांसह रचना दिली आहे. यजमान तिच्या हातातल्या ताटलीत पेला ठेवतो. वजनाने हात किंचित खाली जातात, आतली खिट्टी सुटते आणि बाहुली चालू लागते. पाहुण्याने पेला उचलला की हात वर येतात, खिट्टी अडकते आणि ती थांबते. रिकामा पेला ठेवला की पुन्हा निघते, वळते आणि परत जाते. वळण्यासाठी एक कॅम (कडेला चढ-उतार असलेली फिरती तबकडी) लहान चाकाची दिशा फिरवतो. पाय हलताना दिसतात खरे, पण भार सगळा चाकांवर असतो आणि चाकं किमोनोखाली झाकलेली असतात.

स्प्रिंग देवमाशाच्या तोंडातल्या बलीन पट्टीची. गिअर लाकडाचे. अखंड फळीतून गिअर कापला तर ज्या दात्यांना लाकडाच्या रेषा (तंतूंची दिशा) आडव्या येतात ते पटकन तुटतात. म्हणून लाकडाचे तुकडे अशा बेताने चिकटवतात की प्रत्येक दात्यात रेषा केंद्राकडून बाहेरच जाईल. नागोयाच्या तामाया शोबेई घराण्यात हे काम आजही चालतं.

पण या बाहुलीचा जीव आहे तिच्या एस्केपमेंटमध्ये, म्हणजे वेग रोखून धरणाऱ्या रचनेत. गुंडाळलेली स्प्रिंग सुरुवातीला जोर जास्त लावते आणि शेवटी कमी. नुसती स्प्रिंग चाकाला जोडली तर बाहुली आधी धावत सुटेल, चहा सांडेल आणि पाहुण्यापर्यंत पोचता पोचता रखडेल. दातेरी चाक आणि डोलणारी दांडी हा जोर थोडा थोडा सोडतात, म्हणून तिची चाल संथ आणि एकसारखी राहते. होसोकावाच्या ग्रंथाचा पहिला खंड घड्याळांचा आहे. ज्याला वेळ मोजता आली त्यालाच बाहुली चालवता आली.

आणि चेहरा? तो रंगवलेला, स्थिर; भाव येतो तो हालचालीतून. नो नाटकातल्या मुखवट्यांत हीच युक्ती आहे: मुखवटा किंचित वर केला की भाव उजळतो, खाली केला की झाकोळतो.

वेगावर ताबा ठेवण्याची ही कल्पना त्याहून जुनी आहे. अलेक्झांड्रियाच्या हेरोनने इसवी सनाच्या पहिल्या शतकात आपोआप चालणाऱ्या रंगमंचाची रचना लिहून ठेवली. त्यात शिशाचं वजन थेट पडू न देता धान्याच्या बारीक दाण्यांवर ठेवलेलं असतं. खालच्या भोकातून दाणे सावकाश गळतात, वजन सावकाश उतरतं आणि त्याला बांधलेली दोरी आस फिरवते. दोरी उलटी गुंडाळली की गाडा मागे जातो, मध्ये ढिली ठेवली की तितका वेळ थांबतो. थांबणंसुद्धा आखलेलं!

आपल्याकडे भोजाच्या ‘समरांगणसूत्रधारा’त (अकरावं शतक) यंत्राचे गुण सांगितलेत: अलक्षता, शब्दहीनता, अशैथिल्य आणि अगाढता, अस्खलद्गति, लयतालानुगामिता. म्हणजे यंत्रणा दिसू नये, आवाज नको, सांधे ढिले नकोत आणि घट्टही नकोत, चाल अडखळू नये, लय-ताल सांभाळावा. इतकी नेमकी यादी मला आजच्या पाठ्यपुस्तकात सापडत नाही. मात्र यावरून ‘आपल्याकडे रोबोट होते’ असं कृपया सांगत फिरू नका. यंत्रांची घडण गुप्ततेसाठी दिलेली नाही, हे भोजानेच लिहिलंय.

आता भीतीचं. जपानी रोबोटतज्ज्ञ मासाहिरो मोरीचा १९७० चा ‘अनकॅनी व्हॅली’ लेख सगळे चेहऱ्यापुरता वापरतात. रोबोट जवळजवळ माणसासारखा, पण पुरता नाही, असा झाला की आपली आपुलकी एकदम दरीत कोसळते, असं तो सांगतो. हालचालीमुळे ती दरी आणखी खोल होते, हे त्याने त्यातच म्हटलंय. ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनातल्या (एक्स्पो) एका रोबोटच्या चेहऱ्यात कृत्रिम स्नायूंच्या २९ जोड्या होत्या. हसण्याचा वेग निम्मा केला की तेच हसू अंगावर येतं, हे उदाहरण त्याचंच. चेहरा तोच, बदलला फक्त वेग.

तुमच्या रोबोटचं म्हणाल तर गडबड इथे होते: हॉबी सर्व्होला (सांगितलेल्या कोनावर जाणारी छोटी मोटर) ‘६० अंशावर जा’ सांगितलं की तो पूर्ण वेगाने जातो आणि खाडकन थांबतो. मान वळायला १ सेकंद द्या आणि दर २० मिलिसेकंदांनी नवा कोन पाठवा, म्हणजे ५० पायऱ्या. एकूण कोनाचा किती भाग झाला ते १०स³ − १५स⁴ + ६स⁵ या सूत्राने काढा. स म्हणजे सरलेला वेळ, ० ते १. सुरुवात आणि शेवट मऊ होतो, मध्यावर वेग सरासरीच्या १.८७५ पट.

एवढं करूनही एसजी९० हा छोटा सर्व्हो थरथरेल. पहिल्या आणि शेवटच्या पायऱ्या त्याच्या डेडबँडपेक्षा (ज्याहून लहान बदलाला तो हलतच नाही ती मर्यादा) लहान पडतात, म्हणून तो अडून अडून सरकतो. उपाय यांत्रिक आहे: सर्व्होचा हॉर्न (त्याच्या आसावरची दांडी) आखूड आणि मानेचा दांडा लांब ठेवा, म्हणजे सर्व्हो ९० अंश फिरला तर मान ३० अंश वळेल. मागे वजन लावून डोकं तोलून घ्या. गिअरमधली ढिलाई हलक्या स्प्रिंगने एका बाजूला ताणून ठेवा. सर्व्होला वीज अर्डुइनोच्या (त्याला आज्ञा देणारा छोटा बोर्ड) ५ व्होल्ट पिनवरून देऊ नका. वेगळा सप्लाय, ग्राउंड सामाईक, जवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. डोळे आधी वळू द्या, मान थोडी मागून.

नमस्काराचे हात मोटर आणि क्रँकवर (मोटरबरोबर गोल फिरणारा दांडा) करणार असाल तर एक सांगतो. गणपतीच्या हलत्या देखाव्यात तलवार सतत वर-खाली होत राहते, कारण क्रँकला थांबा नसतो. कॅम वापरा: ९० अंशांत हात वर, १२० अंश स्थिर, ९० अंशांत खाली, ६० अंश विश्रांती. तो १२० अंशांचा थांबाच नमस्कार वाटतो.

सिलिकॉनवाल्यांना न्याय द्यायचा तर, कृत्रिम अवयवांत आणि डॉक्टरांच्या सरावाच्या पुतळ्यांत त्वचा लागतेच. स्वित्झर्लंडमधल्या नशातेलच्या संग्रहालयातल्या, घड्याळजी झाके-द्रो यांच्या बाहुल्यांनाही (१७६८–७४) माणसाचे चेहरे आहेत. पण त्यांतला सुमारे ६००० भागांचा लेखक टाक शाईत बुडवून झटकतो, लिहिताना त्याची नजर अक्षरांमागे जाते. वादक मुलीची छाती श्वासाने वर-खाली होते. चेहऱ्याला एवढी साथ देता येत असेल तर खुशाल द्या.

नाहीतर आधी डोक्यावर फडकं टाकून रोबोट चालू करा आणि अनोळखी माणसाला समोर उभं करा. रोबोट काय करतोय हे त्या माणसाला हालचालीवरूनच कळलं, तर चेहऱ्याचं मग बघू.