बीपी जास्त नाही, शुगर नॉर्मल, तरी इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाची भिंत जाड आली. इन्सुलिन रेझिस्टन्समुळे असं होतं का?

हो, होऊ शकतं. इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. तुम्ही लिहिलंय की भिंत १३ मिमी आली, डॉक्टरांनी उपाशीपोटी इन्सुलिनची रक्ततपासणी करायला सांगितली आणि घरचे म्हणतात शुगर नॉर्मल असताना हा खर्च कशाला. हे शेवटचं वाचलं आणि लिहायला बसले, कारण हेच वाक्य आमच्या दादाने आईच्या वेळी मला ऐकवलंय.

आम्ही जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातले. मार्च-एप्रिलमध्ये आमच्याकडे बिबडे, कुरडया, उडदाचे पापड, सगळं गच्चीवर वाळत असतं आणि आई दिवसातून दहा वेळा वर-खाली करायची. त्या वर्षी ती परात घेऊन जिन्यात अर्ध्यावरच बसली, परात मांडीवर, पदराने तोंड पुसतेय आणि बोलायलाही दम नाही. म्हणाली, ऊन लागलं. गावातल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, नॉर्मल आला, ॲसिडिटीची गोळी दिली. ईसीजीत जाडी बऱ्याचदा सुटते हे मला तेव्हा माहीत नव्हतं. दादा म्हणाला वय झालंय, आणि माझंही चुकलं, मी वर्षभर गप्प बसले.

मग मी हट्टाने जळगावला नेऊन इको केला. भिंत १४ मिमी. बाईची साधारण ९ पर्यंत असते, पुरुषाची १०. पंपिंग ६० टक्के, म्हणजे छान, आणि दादाने तेवढंच वाचलं. पण जाड हृदय आकुंचन पावतं नीट, सैल पडताना अडतं, त्यात रक्त भरायला जागा कमी पडते आणि म्हणून जिन्यावर दम लागतो. उपाशीपोटी शुगर ९८ आणि इन्सुलिन २७. दोन्हींचा गुणाकार करून ४०५ ने भागा, साडेसहाच्या आसपास येतं, आणि अडीच-तीनच्या वर गेलं की रेझिस्टन्स धरतात. म्हणजे शुगर ९८ वर ठेवायला आईचं स्वादुपिंड कितीतरी जास्त इन्सुलिन ओतत होतं, आणि आम्ही ९८ बघून खूश.

आता संबंध काय ते. स्नायू आणि यकृत साखरेच्या बाबतीत इन्सुलिनचं ऐकेनासे होतात, पण इन्सुलिनची बाकीची कामं चालूच राहतात, पेशी वाढवणं हे त्यातलंच एक. किडनी मीठ धरून ठेवते, नसांवर ताण वाढतो, बीपी १३०-१३५ च्या घरात घुटमळतं ज्याला कोणी बीपी म्हणत नाही. वर हृदय साखर सोडून चरबी जास्त जाळायला लागतं, त्यात ऑक्सिजन जास्त लागतो. हे वर्षानुवर्षं चाललं की भिंत जाड होते. आमच्या आईचं वजन ५८, हात काटकुळे, पण कंबर ९४ सेमी आणि मानेवर काळा पट्टा, जो आम्ही सगळे उन्हाने समजत होतो, पण तीही रेझिस्टन्सची खूण असू शकते. आपल्याकडे बाईची कंबर ८० आणि पुरुषाची ९० च्या आत पाहिजे, वजनकाट्यावर विश्वास ठेवू नका. आणि बाईच्या दम लागण्याला वय, ऊन, ॲसिडिटी म्हणून वाटेला लावणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. हाच रेझिस्टन्स पुढे डायबेटिसपर्यंत जाऊ शकतो, आणि अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावातल्या हृदयरोगाच्या अभ्यासात १९७४ सालीच दिसलं होतं की डायबेटिस असलेल्या पुरुषांत हार्ट फेल्युअर दुपटीहून जास्त आणि बायकांत पाचपट.

आईला बीपीची गोळी लागली, पापड-लोणचं जवळपास बंद केलं, चहातली साखर गेली, संध्याकाळी पाटचारीच्या कडेने पाऊण तास चालणं. कळण्याची भाकरी आणि भरीत चालू आहे, ते कोणी बंद करायला सांगितलं नाही. दीड वर्षाने भिंत १२ आली. इकोत एखादा मिमी इकडे-तिकडे होतो, पण जिना ती आता न थांबता चढते.

एक राहिलं. प्रत्येक जाडी इन्सुलिनची नसते. झडप अरुंद असणं, घराण्यात चालत आलेला हृदयाच्या स्नायूचा आजार, रात्री चढणारं बीपी, हे आधी बघून घ्या, २४ तासांचं बीपी मशीन लावा. बऱ्याच अभ्यासांत वजन आणि बीपी हिशोबातून वगळलं की इन्सुलिनचं नातं बरंच फिकं पडतं, त्यामुळे सगळं खापर त्याच्यावर फोडू नका. आणि गोळ्या माझं वाचून बदलू नका. पण टेस्ट करा, घरच्यांचं ऐकून थांबू नका.

आमचा दादा अजून म्हणतो की आई गोळीनेच बरी झाली, इको उगाच केला. अरे, इको झाला म्हणून तर गोळी मिळाली ना. दिवाळीत मी टेप लावून त्याची कंबर मोजली, ९८ भरली, मानेवर तोच पट्टा, आणि केळीच्या बागेत दिवसभर राबतो म्हणून त्याला वाटतं आपल्याला काही होणार नाही. दादा, तू हे वाचत असशील तर जळगावची अपॉइंटमेंट मी घेते, पैसेही मी भरते, तू फक्त उपाशीपोटी ये.