पार्लरचं पॅकेज राहू द्या, आधी पोळीवाल्या मावशींना परत बोलवा

कल्याणहून एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. त्यांचं वय ३४, मुलगी चार वर्षांची, मुलगा चौदा महिन्यांचा. नोकरी ऐरोलीला, म्हणजे ठाण्याला गाडी बदलून रोजची ये-जा. हातात येणारा पगार ४६ हजार, यजमानांचा ६२ हजार, घराचा हप्ता ३१ हजार, बाकी घरखर्च ५५ हजारांच्या आसपास. सासूबाई दिवसभर मुलांना सांभाळतात. त्या लिहितात: "सकाळी डबे, मुलीचं आवरणं, बाळाचं दूध यात मी केसांना क्लचर लावून तशीच निघते. मागच्या आठवड्यात ऑफिसात तिघींनी विचारलं, बरं नाही का? घराजवळच्या सलूनमध्ये दोन वर्षांचं पॅकेज आहे. हातापायांचं लेझर, दोनदा केराटिन, दर महिन्याला फेशियल आणि आयब्रो. रोख ४८ हजार, किंवा ४,५०० चे बारा हप्ते, बिनव्याजी. एकदा केलं की सकाळचा वेळ वाचेल असं वाटतं. घेऊ का? दोन हजार बुकिंगला दिलेत. पैशांची ओढाताण तशी नाही, फक्त मुलांच्या दोन पॉलिसींचे हप्ते एकदम येतात म्हणून जानेवारीपासून पोळीवाल्या मावशींना बंद केलं."

पॅकेजचं उत्तर आधी देते: घेऊ नका. बारा हप्ते गुणिले साडेचार हजार म्हणजे ५४ हजार. रोख किंमत ४८ हजार. वरचे सहा हजार म्हणजे व्याजच आहे, आणि दर महिन्याला फिटत जाणाऱ्या कर्जावर त्याचा दर बावीस टक्क्यांच्या घरात जातो. घराचं कर्ज तुम्ही याच्या निम्म्याहून कमी दराने फेडताय. शिवाय हे कर्ज तुम्हाला फायनान्स कंपनी देणार, सलून नाही. उद्या सलूनला कुलूप लागलं तरी हप्ता तुमच्या खात्यातून जातच राहणार, आणि रागाने थांबवलात तर सिबिल स्कोअर तुमचा बिघडणार.

तुम्ही सोबत पाठवलेलं कोटेशनही बघितलं. ४०,६७८ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ४८ हजार. पार्लर-सलूनच्या सेवांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला आहे. त्या हिशेबाने बिल ४२,७०० च्या आसपास व्हायला हवं. पाच हजारांचा फरक कसला, हे त्यांना लेखी विचारा आणि त्याच कागदावर बुकिंगचे दोन हजार परत मागा. टाळाटाळ केली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. आणि नाहीच मिळाले, तर दोन हजारांवर पाणी सोडा. दोन हजार वाचवण्यासाठी चोपन्न हजारांत अडकू नका.

आता तुम्ही न विचारलेलं. तुमच्या पत्रातली सगळ्यात महाग ओळ शेवटची आहे.

मावशींना तुम्ही महिना चार हजार देत होता. सकाळच्या बारा-चौदा पोळ्या आणि एक भाजी, म्हणजे पन्नास मिनिटं तरी धरा. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर बावीस तास होतात. तासाला सुमारे १८० रुपये पडतात. तुमचा पगार ऑफिसच्या बावीस दिवसांच्या, प्रवासासकट रोजच्या अकरा तासांनी भागला तर तुमचा तासही १९० रुपयांचा निघतो. म्हणजे आकड्यांत बरोबरी आहे. पण ही पन्नास मिनिटं पहाटेची आहेत, रात्री दोनदा उठलेल्या बाईच्या झोपेतून काढलेली. पॉलिसींचा हप्ता तुम्ही जानेवारीपासून त्या झोपेतून भरताय. चेहरा ओढलेला दिसतो तो यामुळे, आणि त्यावर उपाय म्हणून तुम्ही आणखी एक हप्ता लावून घ्यायला निघालात. मला हे वाचून वाईट वाटलं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

त्या दोन पॉलिसी काय आहेत ते बघू. घराचं कर्ज मंजूर होताना बँकेतल्या सरांनी "फाइल लवकर पुढे सरकेल" म्हणत मुलीच्या नावाने पहिली दिली आणि मुलगा झाल्यावर दुसरी. कर्जासाठी विमा घ्यायलाच लावणं नियमात बसत नाही. अशा विक्रीची तक्रार आधी बँकेकडे आणि विमा कंपनीकडे करावी, तिथे दाद लागली नाही तर विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर. प्रत्येकी वर्षाला ६० हजार, बारा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी "पंधरा लाख मिळतील".

हा पंधरा लाखांचा आकडा कुठून आला ते तुम्ही पाठवलेल्या तक्त्यातच आहे. बोनसवाल्या पॉलिसींच्या तक्त्यात दोन रकाने असतात, ४ टक्के आणि ८ टक्के. कंपनीची गुंतवणूक त्या दराने वाढली असं धरून मांडलेले ते अंदाज असतात, त्यात हमी नसते. सरांनी तुम्हाला ८ टक्क्यांच्या रकान्यावर बोट ठेवून दाखवलं. शेजारच्या रकान्यात नऊ लाख लिहिले आहेत, त्यावर बोट ठेवलं नाही. आणि पंधरा लाख मिळालेच असं धरलं तरी तुमच्या पैशांवरचा परतावा पाच टक्क्यांच्या जरासा वर पडतो. तेच ६० हजार पीपीएफ या सरकारी बचत खात्यात सध्याच्या ७.१ टक्क्यांनी गेले असते तर वीस लाख होतात. मुलीच्या सुकन्या समृद्धी खात्यात सध्याच्या ८.२ टक्क्यांनी तेवीस लाखांच्या पुढे जातात. हे दर सरकार दर तिमाहीला बदलू शकतं, पण पाच आणि आठमधलं अंतर त्याने सहज भरून निघत नाही. महागाई सहा टक्के धरली तर वीस वर्षांनंतरच्या पंधरा लाखांना आजच्या पावणेपाच लाखांएवढी किंमत असेल. एवढ्यात इंजिनिअरिंगची चार वर्षं बसत नाहीत, हे सरांनाही ठाऊक आहे.

तरीही परतावा कमी आहे ही या पॉलिसींची लहान चूक आहे. मोठी चूक ही की दोन्हींत विमा मुलांच्या आयुष्याचा आहे. चार वर्षांच्या मुलीच्या कमाईवर घर चालत नाही, ते तुम्हा दोघांच्या पगारावर चालतं. तुमच्यापैकी एकाचं बरंवाईट झालं तर या पॉलिसींतून घराला काही मिळणार नाही. हप्ता माफीचा रायडर, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडलेलं जादा संरक्षण, घेतला असेल तर फक्त पुढचे हप्ते थांबतील, आणि तुमच्या कागदात तो रायडरही मला दिसला नाही. मागे राहतील ३१ हजारांचा हप्ता, दोन मुलं, सासूबाई आणि एक पगार. वर्षाला १ लाख २० हजार विम्यावर खर्च करणाऱ्या घरात कमावत्या माणसांचा विमा शून्य आहे. ऑफिसचा गट विमा मी धरत नाही, तो नोकरीबरोबर जातो.

यजमानांना आणि तुम्हाला साठाव्या वर्षापर्यंतचा प्रत्येकी एक कोटीचा साधा टर्म प्लॅन घ्या. म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे, नाहीतर परत काही न मिळणारा, तोच घ्यायचा. दोघांना तंबाखूचं व्यसन नसेल आणि तब्येत ठीक असेल तर दोन्ही मिळून वर्षाला पंचवीस हजारांच्या आसपास पडेल. वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटीही २२ सप्टेंबर २०२५ पासून काढून टाकला आहे. यजमानांची पॉलिसी घेताना फॉर्मवर विवाहित महिला संपत्ती कायदा, १८७४ याचा पर्याय निवडा. त्याने ते पैसे तुमचे आणि मुलांचे राहतात, त्यांच्या देणेकऱ्यांना त्याला हात लावता येत नाही. "प्रीमियम परत मिळणारा" टर्म कोणी पुढे केला तर नको म्हणा. आणि पॉलिसी हातात आल्यावर पहिल्या तीस दिवसांत न आवडल्यास परत करता येते, तेव्हा ती आल्या दिवशीच वाचून काढा.

टर्म हातात आला की जुन्या दोन्ही बंद करा. मुलाचा दुसरा हप्ता पुढच्या महिन्यात आहे, तो भरू नका. त्याची पॉलिसी १ ऑक्टोबर २०२४ नंतरची आहे, त्यामुळे एक वर्ष पूर्ण आणि पहिल्या वर्षाचा हप्ता भरलेला असेल तर काही ना काही सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे पॉलिसी मध्येच मोडल्यावर परत मिळणारी रक्कम, कंपनीला द्यावीच लागते. नेमका आकडा कंपनीकडून मेलवर मागवा, बँकेतल्या सरांकडून तोंडी नको. मुलीच्या पॉलिसीत तीन हप्ते, म्हणजे १ लाख ८० हजार गेले आहेत. आता मोडली तर हमीचे साधारण ३५ टक्के, सुमारे ६३ हजार हातात येतील. पेड-अप करून, म्हणजे पुढचे हप्ते न भरता तशीच ठेवली तर सहा लाखांच्या विमा रकमेचा पाव हिस्सा, दीड लाख आणि आजवरचा बोनस, तोही सतरा वर्षांनी. त्रेसष्ट हजार पीपीएफच्या दराने सतरा वर्षांत दोन लाख होतात. मी मोडण्याच्या बाजूची आहे.

यजमान म्हणतात, "भरलेले बुडतील." बुडतील, लाखाच्या वर बुडतील. ते पैसे सही केली त्या दिवशीच गेले. पुढचे नऊ हप्ते मुलीचे आणि अकरा मुलाचे, मिळून बारा लाख अजून तुमच्या खिशात आहेत, आणि निर्णय त्या बारा लाखांचा घ्यायचा आहे.

महिन्याला दहा हजार मोकळे होतात. त्यातले चार हजार मावशींचे, सोमवारपासून. टर्मचे २,१०० बाजूला. दीड हजार तुमच्या स्वतःच्या नावाच्या खात्यात, फक्त तुमच्यासाठी, आणि त्याचा हिशेब घरात कोणी विचारायचा नाही. उरलेले २,४०० मुलीच्या सुकन्या खात्यात. सलूनला द्यायला तुम्ही जे साडेचार हजार काढणारच होता, ते वर्षभर आवर्ती ठेवीत टाका. शिलकीचे चाळीस हजार आणि सरेंडरचे त्रेसष्ट हजार त्यात धरले तर दीड लाखांच्या वर जाता, जवळपास दोन महिन्यांचा खर्च हाताशी. मुलाच्या नावाने आज काही नको. पुढची पगारवाढ आली की पीपीएफ उघडा, तुमच्या नावावर.

आता त्या दीड हजारांबद्दल, कारण तुमचा मूळ प्रश्न मला क्षुल्लक वाटत नाही. नीटनेटकं दिसावंसं वाटणं ही चैन नाही, आणि ते कमी पैशांत होतं. पहिल्या महिन्यात साडेचार हजार एकदाच खर्च करा, सलूनच्या एका हप्त्याएवढे. पाच कुर्ते घ्या, सगळे एकाच मापाचे आणि एकाच धाटणीचे, गडद किंवा बारीक छापाचे म्हणजे दुधाचा डाग दिसत नाही, इस्त्री न लागणारे, मशिनला टाकता येणारे, ओढणीशिवाय चालणारे. बाळ अजून अंगावर पितं म्हणता, तर दोन पुढून चेन असलेले. पाचही कुर्ते त्याच दोन पँट्सवर जातील असे रंग निवडा आणि रविवारी रात्री पाचही हँगरला लावून ठेवा. सकाळी कपाटापुढे उभं राहणं बंद होतं. केस खांद्यापर्यंत कापून घ्या, वाळवून मोकळे सोडले तरी चालतील असा कट सांगा. तो दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा. आयब्रोला गल्लीतल्या पार्लरवाल्या ताई महिन्याला शंभरच्या आत घेतात, रविवारी घरीही येतात. पाचशेच्या आतलं सनस्क्रीन, काजळ आणि ऑफिसच्या पर्समध्येच राहणारी एक लिपस्टिक. ऐरोलीच्या गाडीत बसायला मिळालं की दोन मिनिटांत होतं.

केराटिन आणि लेझर दोन्हींबाबत, बाळ दूध पितं आहे तोवर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नका. केस अजून मुठीने गळतात असं लिहिलंय. बाळंतपणानंतरची केसगळती बहुतेकींची वर्षभरात आटोक्यात येते, तुम्हाला चौदा महिने झाले. हिमोग्लोबिन आणि थायरॉईडची तपासणी करून घ्या. पहिल्या महिन्याच्या दीड हजारांतून ती करा, फेशियल नंतर.

एक गोष्ट राहिली. यजमानांचा उल्लेख तुमच्या पत्रात पगाराच्या ओळीत आणि "भरलेले बुडतील" या वाक्यात आहे. सकाळच्या कामांत कुठेच नाही. मुलीची वेणी, तिची बाटली आणि दप्तर एवढं त्यांच्याकडे द्या. त्याला पैसे लागत नाहीत. पहिल्या आठवड्यात वेणी वाकडी होईल, होऊ द्या.

सुकन्या खातं पोस्टात उघडा. मुलीचा जन्मदाखला, तुमचं आधार, पॅन आणि दोघींचे फोटो न्या. दर महिन्याचे पैसे ५ तारखेच्या आत जमा करा, म्हणजे त्या महिन्याचं व्याजही मिळतं.