पुरातत्त्वाच्या नादात नवीन आहेस म्हणून सांगतो

अरे, 'या शोधाने इतिहास बदलला' असली बातमी दिसली की लगेच फॉरवर्ड करू नकोस, आधी बघ खोदलं कोणी, वस्तू नेमकी मातीच्या कुठल्या थरात मिळाली आणि तारीख कशावरून काढली. कार्बन डेटिंग (उरलेल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढणं) म्हटलं की आपण मान डोलावतो पण ते दगडावर चालतच नाही, कोळसा, हाड, बिया असं कधीतरी जिवंत असलेलं काहीतरी लागतं, आणि साधारण 50,000 वर्षांच्या मागे गेलं की तेही हात टेकतं. मी पण सुरुवातीला नुसता सोनं सापडल्याच्या बातम्या वाचायचो, आता फुटक्या खापरांत जास्त मजा येते (घरचे हसतात, हसू देत). पिल्टडाउनची कवटी माहितीये ना, इंग्लंडमधली, माणसाच्या पूर्वजाची म्हणून खपवलेली? 1912 ला जाहीर झाली आणि बनावट आहे हे सिद्ध व्हायला 1953 उजाडलं, भलेभले फसले, त्यामुळे बावळट वाटला तरी प्रश्न विचार बिनधास्त. आणि हो, कुठे काही सापडलंच तर प्लीज उकरू नकोस, एकदा उचललं की ते कुठल्या थरातलं हे कायमचं गेलं. जागेवरच फोटो काढ, शेजारी पेन ठेव म्हणजे साईज कळते, लोकेशन नोंदव आणि पुरातत्त्व खात्याला कळव. घासून धुवायचं तर अजिबात नाही, मी केलाय तो शहाणपणा.