कबर सापडली, पण जहाजाच्या यादीत नाव नाही. मूळ गाव कसं शोधायचं?

तुमच्या मिस्टरांचे पणजोबा 1909च्या सुमारास इटलीहून न्यूयॉर्कला आले, कबरीवर 'जो' असं कोरलंय आणि एलिस आयलंडच्या (न्यूयॉर्क बंदरातलं बेट, तिथे स्थलांतरितांची तपासणी होई) जहाज-यादीत ते सापडत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या जावयाच्या घराण्याचा माग मी कबरीपासूनच काढला, म्हणून सांगतो: यादी तूर्त बाजूला ठेवा.

दगडावरचा मजकूर घरच्यांनी सांगितलेला, कधी कधी तर मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी कोरलेला. खरा माल दफनभूमीच्या ऑफिसातल्या रजिस्टरात असतो. जागा कुणी विकत घेतली, तिथे आणखी कुणाकुणाला पुरलंय, हे विचारा. आमच्या प्लॉटमध्ये भलत्याच आडनावाची एक बाई निघाली. ती पणजीची सख्खी अविवाहित बहीण! पणजीचं माहेरचं आडनाव असं हाती लागलं. त्याचा उपयोग मोठा, कारण इटालियन बायकांची नावं यादीत बहुधा माहेरच्याच आडनावाने असत.

मग नागरिकत्वाचे कागद मागवा. सप्टेंबर 1906 पासून हे अर्ज देशभर एकाच नमुन्यात आले. जन्मगाव, जहाज, उतरल्याची तारीख, सगळं त्यात येतं. पणजीची वेगळी फाइल मात्र शोधत बसू नका. 1922पर्यंत बायकोला नवऱ्याबरोबरच नागरिकत्व मिळून जाई.

तारीख कळली की यादीकडे वळा, आणि 'जो' नव्हे, त्याचं मूळ इटालियन रूप 'जुझेप्पे' शोधा. आडनाव गाळून नुसतं पाळण्यातलं नाव आणि वय टाकूनही बघा, कारण जुनं अक्षर लावणाऱ्यांनी आडनावांची पार वाट लावलीय. एलिस आयलंडवर साहेबाने नाव बदललं, ही घरोघरची दंतकथा. याद्या जहाज कंपनीचे लोक प्रवास सुरू होतानाच भरत, इथे फक्त पडताळणी होई. नावं लोकांनी पुढे आपणहूनच बदलली.

1907नंतरच्या यादीला दोन पानं असतात. बरेच जण पहिलं पाहून थांबतात. मागे राहिलेल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव आणि पत्ता त्या यादीतच असतो. नावाशेजारी नंतर खरडलेले आकडे दिसले तर ते टिपून ठेवा. पुष्कळदा ती नागरिकत्वाचा अर्ज तपासणाऱ्या कारकुनाची खूण असते.

गाव मिळालं की इटलीच्या सरकारी अभिलेखागारांचं, जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदींचं 'अंतेनाती' पोर्टल उघडा, ते फुकट आहे. सगळे प्रांत तिथे नाहीत, आणि तिथलं हस्ताक्षर म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीचा आजोबा.