जखमीला आधी कुठे न्यायचं?

तुमचा भाचा म्युनिकजवळ मोटारसायकलवरून पडला, हेलिकॉप्टर आलं आणि तो वाचला, हे वाचून फार बरं वाटलं. पुण्यात एवढी मोठाली हॉस्पिटलं असूनही इथे असं का होत नाही, असं तुम्ही विचारलंत. मी पुण्यात २६ वर्षं कॅज्युअल्टीत सिस्टर होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हेलिकॉप्टर तूर्त बाजूला ठेवू. म्युनिकमध्ये ते १९७० पासून उडतंय, पण ते रुग्णाला कुठे उतरवतं हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. जर्मनीत २००६ पासून हॉस्पिटलांची जाळी बांधत आणली आहेत. कुणी कोणता जखमी सांभाळायचा हे तपासणी करून आधीच ठरलेलं असतं. गंभीर अपघाताला तिथे डॉक्टर जागेवर जातो. फ्रान्समध्येही तसंच. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी पॅरामेडिक, म्हणजे तातडीच्या उपचारांचं प्रशिक्षण घेतलेले कर्मचारी, येतात आणि रुग्णाला उचलून वेळ न घालवता निघतात. कुठली पद्धत चांगली यावर डॉक्टरांचे जुने वाद आहेत. आपल्याला त्यात पडायची गरज नाही.

आपण बघावं ते इंग्लंडकडे. तिथे उत्तम सर्जन होते, उपचार फुकट होते, तरीही माणसं जात होती. कारण अँब्युलन्स जवळच्या हॉस्पिटलात जायची आणि तिथे रात्री अनुभवी माणूस असेलच असं नव्हतं. व्यवस्था नीट लावली तर वर्षाला आणखी ४५० ते ६०० जीव वाचतील, असं २०१०मध्ये त्यांच्या सरकारी लेखापरीक्षकांनीच लिहिलं. त्याच वर्षी लंडनमध्ये चार हॉस्पिटलं गंभीर जखमींसाठी नेमली गेली आणि २०१२मध्ये ही पद्धत देशभर लागू झाली. नियम साधा: अशा केंद्रात साधारण ४५ मिनिटांत पोहोचता येत असेल, तर वाटेतली हॉस्पिटलं सोडून थेट तिथेच जायचं. निर्णय अँब्युलन्सवाले ठरलेल्या निकषांवर घेतात. घाबरलेल्या नातेवाइकांवर तो सोडलेला नसतो.

माझ्या दिरांना बायपासवर टेम्पोने उडवलं, तेव्हा लोकांनी रिक्षात घालून जवळच्या नर्सिंग होममध्ये नेलं. चांगल्या मनानेच नेलं. तिथे कपाळाला टाके घातले, एक्स-रे काढला आणि पुढे न्यायला सांगितलं. दुसरीकडे सीटी झाला. कमरेचं हाड मोडलंय, आत रक्तस्राव चालू आहे हे कळलं, पण रात्री सर्जन नव्हता आणि रक्तही नव्हतं. तिसऱ्या ठिकाणी पोहोचेपर्यंत साडेतीन तास गेले. रक्तस्राव कमी करणारं ट्रानेक्सॅमिक अ‍ॅसिडचं स्वस्त इंजेक्शन असतं. वीस हजारांवर रुग्णांच्या चाचणीतून दिसलंय की ते तीन तासांच्या आतच द्यायला हवं. दीर वाचले, पण अजून काठीशिवाय चालत नाहीत. त्या तीन हॉस्पिटलांचे कागद कधीच कुणी एका टेबलावर ठेवून पाहिले नाहीत. जर्मनीत १९९३ पासून अशा जखमींच्या नोंदी एकत्र ठेवतात आणि त्यावरून कुठे वेळ गेला हे शोधतात. दिरांचे कागद तसे कुणी पाहिले नाहीत, याची मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते.

आपल्याकडे काहीच नाही असं मात्र म्हणू नका. १०८ नंबरची अँब्युलन्स सेवा राज्यात २०१४ला सुरू झाली ती ९३७ गाड्यांनिशी, आणि गाडीत डॉक्टर देऊन. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं, त्यामुळे मदत करणाऱ्याला त्रास देता येत नाही. २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला नेमलेल्या हॉस्पिटलात सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख न भरता मिळण्याची योजना आहे. गाडी आहे, कायदा आहे, काही पैसाही आहे. कमरेचं हाड मोडलेला माणूस रात्री दोनला नवले पुलावरून नेमका कुठे जाणार, हे बांधून दिलेलं हवं, आणि त्या जागी रक्त, सीटी, सर्जन, भूलतज्ज्ञ चोवीस तास हजर हवेत.

तोवर निदान एवढं करा. तुमच्या घराजवळच्या दोन-तीन हॉस्पिटलांत आत्ताच चौकशी करून ठेवा: रात्री सीटी चालू असतो का, रक्तपेढी आवारात आहे का, सर्जन आणि न्यूरोसर्जन किती वेळात येतात. उत्तरं फ्रिजवर चिकटवा. अपघात दिसला तर १०८ लावा. शुद्धीत नसलेल्या किंवा मानेला, कमरेला मार लागलेल्या माणसाला रिक्षात दुमडून बसवू नका. वाहतं रक्त स्वच्छ कपड्याने घट्ट दाबून धरा आणि गाडी येईपर्यंत हात काढू नका.