आजीचा अंगठा

बाळ,

तुझा लेख दोनदा वाचला. खाली तू विचारलं आहेस, "आजीचे हात कमळासारखे, असं लिहू, 'जणू' घालू, की सरळ रूपक करू?" व्याकरण आधी उरकतो. 'सारखे' म्हटलंस की दोन गोष्टी वेगळ्याच राहतात. 'जणू' म्हटलंस की एक म्हणजे दुसरीच, असं क्षणभर वाटतं. रूपकात भेदच उरत नाही. तुझी खात्री असेल तेवढंच पुढे जा. पण खात्री कसली? कमळ तू कधी हातात तरी घेतलं आहेस का?

मंडईजवळ चहा पिताना तूच सांगितलंस, मेथी निवडून निवडून आजीच्या अंगठ्याचं नख काळपट पडलंय आणि लग्नाकार्यात ती ते पदराखाली लपवते. हे लेखात कुठे आहे? आधी बघ. उपमा मागून येते.

सिंहगडाची सोंड म्हणताना आज कुणाला हत्ती आठवत नाही. पण डोंगराच्या उतरत्या धारेला पहिल्यांदा सोंड म्हणणाऱ्यानं ती धार डोळे भरून पाहिली होती. देवाची ओढ सांगायला तुकोबांनी सासरी निघालेली मुलगी घेतली, तीही मागे वळून पाहणारी. ते वळणं काढून टाक, काय उरतं? म्हणून म्हणतो, आधी बघ.

मी चिडतो, त्याला कारण आहे. वडील गेले तेव्हा एका मासिकात मी त्यांना वटवृक्ष म्हटलं. कौतुकाचे फोन आले. वडील किडकिडीत होते. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे, बोटं शिशानं काळी. लेखात ना शिसं, ना बोटं. पुढे कित्येक वर्षं मी एकही उपमा लिहिली नाही. लोक रूक्ष म्हणाले. म्हणोत. खोटं लिहिण्यापेक्षा ते बरंच होतं, आजही मी तेच म्हणेन.

खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, कागदावर उमटलं की सुलट होतं. वडिलांची माया तशी होती. ओरडायचे, आणि सकाळी माझ्या चपलेचा तुटलेला अंगठा शिवून आणलेला असायचा. हे मला सुचलं ते गेल्यावर अठरा वर्षांनी. वाचून दाखवायला तोवर आईही उरली नव्हती.

तुझी आजी आहे. रविवारी तिच्याशेजारी बसून एक जुडी निवड. कमळ खोड, आणि मगच लेख घेऊन ये.