आकडा मिळाला म्हणून निष्कर्ष निघत नाही

सातारा-सांगलीतल्या समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून प्रबंधाच्या कामाबद्दल तेच ते प्रश्न पुन्हा येतात, म्हणून काहींची उत्तरं इथेच देते.

प्रश्न : चिकित्सक विचार म्हणजे आधीच्या अभ्यासकांच्या चुका काढायच्या का? (विटा)

नाही. आधी स्वतःच्या गृहीतकावर शंका घ्यायची.

प्रश्न : 2011 च्या जनगणनेत सातारा जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 988 स्त्रिया आहेत, राज्यात 929. आमच्याकडे स्त्रियांचा दर्जा चांगला, हे सिद्ध झालं असं लिहू का? (कोरेगाव)

मुळीच लिहू नका. हे वाक्य एका प्रबंधातून दुसऱ्यात उतरत राहतं, आणि कुणीही शेजारचा रकाना बघत नाही. त्याच जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे साताऱ्यात मुली 895 आहेत आणि राज्यात 894. म्हणजे लेकरांत सातारा राज्याहून वेगळा नाहीच. मग मोठ्यांतच बायका जास्त कशा? पाटण, जावळी, माण, खटावच्या गावांत फिरा. किती घरांतला कर्ता पुरुष मुंबईला, माथाडी कामाला गेलाय ते विचारा. तो मोजला गेला मुंबईत, बायको गावात. तुमच्या 988 मध्ये या स्थलांतराचा मोठा वाटा आहे, त्याला मानसन्मानाचा पुरावा कसं म्हणता? उलट मुली 895 वर का अडकल्या, हा प्रश्न जिव्हारी लागायला हवा. निसर्गतः हजार मुलग्यांमागे साधारण साडेनऊशे मुली जन्माला येतात. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा 1994 चा आहे, तरी ही तूट राहिली. दर्जाच तपासायचा असेल तर मागे राहिलेल्या बाईकडे जा. शेत, गुरं, सासू-सासरे तीच बघते. सातबाऱ्यावर तिचं नाव आहे का? गावच्या सहकारी पतसोसायटीचं कर्ज तिला मिळतं का? हे प्रश्न ठरवून मार्गदर्शकांना दाखवा, मगच गावात पाऊल टाका.

प्रश्न : ‘हुंडा वाईट आहे असं वाटतं का?’ असा गुगल फॉर्म व्हॉट्सअॅपवर फिरवला. 200 जण ‘हो’ म्हणाले. पुरेसं आहे? (इस्लामपूर)

नाही. तुमच्या ग्रुपमधल्यांनी तुम्हाला हवं ते उत्तर दिलं. ‘तुमच्या घरातल्या शेवटच्या लग्नात कोणी कोणाला काय दिलं?’ असं विचारा, आणि समोर बसून विचारा. जतच्या वाडीवरच्या आजींकडे तुमचा फॉर्म पोचणारच नाही. आधी आठ-दहा जणांवर प्रश्नावली तपासा आणि मार्गदर्शकांशी बोला.

प्रश्न : एक सेंटर पैसे घेऊन विश्लेषण करून देतं, शिवाय साम्याचा टक्काही (प्रबंधातला किती मजकूर दुसऱ्यांच्या लिखाणाशी जुळतो तो) खाली आणून देतं. करून घेऊ का? (सातारा)

एक रुपयाही देऊ नका. ते शब्द फिरवतात, चोरलेला विचार तसाच राहतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2018 च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पण त्याचा अर्थ चोरीला परवानगी असा नव्हे. आणि दुसऱ्याने काढलेले तक्ते तोंडी परीक्षेत कसे समजावून सांगणार? संख्याशास्त्र जमत नसेल तर महाविद्यालयातल्या त्या विषयाच्या प्राध्यापकांकडे बसा, ते शिकवतात.

प्रश्न : सादर करायला महिना उरलाय, मुलाखती व्हायच्यात, मार्गदर्शकांना अजून काहीच दाखवलेलं नाही. (मिरज)

आजच जा, जे लिहिलंय ते घेऊन. मुदतवाढीचं विद्यापीठात उद्याच विचारा. आणि न घेतलेल्या मुलाखती घरी बसून लिहू नका.